डाळ मिलची शेड आणि वेळेची आखणी: सहा हजार रुपये देऊन आम्हाला काय मिळालं

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीने घाटंजी तालुक्यात डाळ मिल आणि गोदामाची एकत्र शेड बांधली. खोदकामाला हात लावण्याआधी यवतमाळच्या एका तरुण सिव्हिल इंजिनियरकडून पूर्ण कामाची वेळेची आखणी करून घेतली. फी सहा हजार रुपये. संचालक मंडळात यावर बराच वाद झाला. ठेकेदार आपला, मिस्त्री ओळखीचा, मग नुसत्या कागदासाठी सहा हजार काहून द्यायचे, असं अर्ध्या लोकांचं म्हणणं होतं. मी कंपनीची सचिव आहे आणि त्याआधी गावच्या हायस्कुलात गणित शिकवत होते. आखणीचा कागद मी आकडा न् आकडा तपासला. आता आजूबाजूच्या बऱ्याच कंपन्या अशाच शेडच्या तयारीत आहेत आणि रोज कोणी ना कोणी फोन करून विचारतं, म्हणून सगळं एकदाच लिहून काढते आहे.

आमची अडचण साधी होती. तूर जानेवारीत घरात येते. मिल तेव्हा फिरायला तयार नसेल तर सभासद तूर व्यापाऱ्याला देऊन मोकळे होतात, आणि मिल पुढचं वर्षभर कर्जाचे हप्ते फेडत उभी राहते. परतीचा पाऊस ओसरला की १० ऑक्टोबरला काम सुरू करायचं आणि ९ जानेवारीला चाचणी संपवायची, म्हणजे हातात ९१ दिवस. ठेकेदाराला विचारलं तर म्हणाले, "तीन महिन्यांत होऊन जाईन मॅडम, टेन्शन नका घेऊ." माणूस प्रामाणिक आहे. पण 'होऊन जाईन' यात खात्री किती, हे त्यांनाही सांगता आलं नसतं आणि बँकेच्या साहेबांना मलाही सांगता आलं नसतं.

इंजिनियर एक अख्खा दिवस गावात बसले. सर्वात आधी त्यांनी कामाचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्यापुढे लिहिलं की हे सुरू व्हायला आधी काय झालेलं पाहिजे. पायाशिवाय खांब नाही, छपराशिवाय भिंतीचं प्लास्टर नाही, फरशीचं काँक्रीट पक्कं झाल्याशिवाय मशीन नाही. हे सगळ्यांना माहीत असतं. मात्र कागदावर बाण काढून मांडलं की कोणतं काम कोणाची वाट पाहतं आणि कोणतं काम कोणाचीच वाट पाहत नाही, हे पहिल्यांदा नजरेला येतं.

मग दिवस विचारायला सुरुवात झाली. या सेवेतला मला सर्वात आवडलेला भाग हाच. त्यांनी मिस्त्री, फॅब्रिकेटर, वायरमन, मशीनवाले या सगळ्यांना एकेकटं गाठलं. अध्यक्ष समोर बसले असते तर प्रत्येकाने त्यांना बरं वाटेल तोच आकडा सांगितला असता. प्रत्येकाला तीन आकडे विचारले: सगळं जुळून आलं तर किती दिवस, बहुतेक वेळा किती, आणि वाईटात वाईट किती. पायाच्या कामाला मिस्त्रीने १४, २० आणि ३२ सांगितले. ३२ ऐकल्यावर इंजिनियर थांबले आणि विचारलं, "असं काय झालं तर बत्तीस लागतील?" मिस्त्री म्हणाला, "पानी आलं तं खड्डे भरतेत नं साहेब. काळी माती हाय. पानी उपसा, चिखल काढा, मंग मुरूम टाका, दबाई करा. अन् सोयाबीन सोंगणीत मजूर भेटत नाही ते येगळंच." हे सगळं कारणांच्या रकान्यात गेलं. पुढे हा रकानाच आमच्या सर्वात जास्त कामी आला. ताडपत्री आणि पाणी उपसायचा पंप आधीच साइटवर आणून ठेवायचा निर्णय त्याच रकान्यावरून झाला.

तीन आकड्यांवरून एक सरासरी काढतात: मधल्या आकड्याची चौपट, त्यात दोन्ही टोकं मिळवायची आणि सहाने भागायचं. पायासाठी १४ अधिक ८० अधिक ३२, म्हणजे १२६, भागिले ६, बरोबर २१ दिवस. दोन टोकांतल्या अंतराचा सहावा भाग म्हणजे त्या कामाचा डळमळीतपणा, इथे ३ दिवस. ही पद्धत १९५८ च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी बांधली गेली. तिला पर्ट म्हणतात. साधारण त्याच काळात ड्यूपाँ या रसायन कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी कारखान्यांच्या कामांसाठी क्रिटिकल पाथची, म्हणजे निर्णायक मार्गाची पद्धत तयार केली. तिच्यात शक्यतांचा हिशेब नव्हता, दर कामाला एकच आकडा होता. भर होता तो पैसे जास्त घालून कुठले दिवस कमी करता येतात यावर. आज दोन्ही एकत्रच वापरतात, आमच्या कागदावरही तसंच होतं.

आमचे आकडे असे आले. पाया २१ दिवस. लोखंडी ढाचा उभा करून पत्रे टाकणं १२. भिंती आणि प्लास्टर २०. फरशीचं काँक्रीट आणि त्याला पाणी मारणं १८. मशीन बसवणं ६, चाचणी ४. एकापाठोपाठ एक मोजलं तर ८१ दिवस. ही शेडची वाट, म्हणजे एकापाठोपाठ एक येणाऱ्या कामांची साखळी. यातलं एक काम एक दिवस लांबलं की शेवटची तारीख एक दिवस पुढे जाते, म्हणून ती निर्णायक.

फॅब्रिकेटरचं काम मात्र या वाटेवर नव्हतं. पायाचं काम चालू असतानाच तो यवतमाळात ट्रस, म्हणजे छपराच्या लोखंडी कैच्या, तयार करणार होता. त्याला १६ दिवस, पायाला २१, म्हणजे पाच दिवसांची ढील. आमचे अध्यक्ष त्याला सकाळ-संध्याकाळ फोन करायला निघाले होते. कागद पाहून त्यांनी तेच फोन मुरूमवाल्याला करायला सुरुवात केली.

मशीनच्या बाबतीत तर थेट पैसे वाचले. डाळ मिलची मशिनरी अकोल्याहून यायची होती. ऑर्डर दिल्यापासून माल हातात येईपर्यंत सरासरी ४१ दिवस. मशीन लागणार ७१व्या दिवशी, फरशी झाल्यावर. म्हणजे महिनाभराची ढील. आधीचा बेत पहिल्याच दिवशी ॲडव्हान्स भरायचा होता. भरला असता तर कर्जाच्या रकमेवर महिन्याचं व्याज उगाच गेलं असतं आणि मशीन सिमेंटच्या धुळीत पडून राहिलं असतं. तरी अख्खी ढील खाऊन टाकायची नाही असं आम्ही ठरवलं, कारण ढील संपली की ती वाटही निर्णायक होऊन बसते. ऑर्डर पंधरा दिवसांनी दिली. वाचलेल्या व्याजातून फीचा बराच भाग निघाला, हे मंडळातल्या विरोध करणाऱ्यांनीही मान्य केलं.

आता विजेबद्दल. या सेवेने आमचा हंगाम वाचवला तो इथेच, आणि तिची मोठी उणीवही इथेच दिसली.

छप्पर पडलं की तीन फेजसाठी अर्ज करू, असं आमचं गृहीत होतं. गावात सगळे असंच करतात. इंजिनियरने विजेची वेगळी वाट काढली. अर्ज, पाहणी, कोटेशन निघून भरणं यासाठी तीन आकडे १२, २१ आणि ६०, सरासरी २६. खांब, लाइन आणि डीपी (ट्रान्सफॉर्मर) यासाठी २०, ३५ आणि ८०, सरासरी ४०. बाजूच्या शेतांत कापूस उभा असला की खांब न्यायला वाटच नसते, म्हणून शेवटचा आकडा इतका मोठा. टेस्ट रिपोर्ट आणि मीटर यासाठी ४, ८ आणि २४, सरासरी १०. त्यात चाचणीचे ४ मिळवले की ८० दिवस. छप्पर ३३व्या दिवशी पडणार. तेव्हा अर्ज केला असता तर ही वाट ११३व्या दिवसावर गेली असती आणि ९ जानेवारी गाठायची शक्यता शंभरात पाचच्या आसपास उरली असती. ते पाहून बैठकीत कोणी काही बोललंच नाही. अर्ज खोदकामाच्या दिवशीच दिला.

इंजिनियरचा अंतिम कागद आला तेव्हा त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ९१ दिवसांत काम पूर्ण होण्याची शक्यता ९८ टक्के. मंडळ खूश झालं. मला तो आकडा पटला नाही.

त्यांनी तो कसा काढला हे सांगते, कारण पुस्तकातही बहुतेक ठिकाणी असाच काढलेला असतो. सर्वात लांब वाट शेडची, ८१ दिवसांची. त्या वाटेवरच्या प्रत्येक कामाच्या डळमळीतपणाचा वर्ग करायचा, बेरीज करायची, वर्गमूळ काढायचं. आमच्या शेडचं उत्तर आलं ५ दिवस. ९१ वजा ८१ म्हणजे १० दिवसांची सवड, ती पाचाच्या दुप्पट. सवड डळमळीतपणाच्या किती पट आहे यावरून शक्यता सांगणारा एक तक्ता असतो, सामान्य वितरणाचा (नॉर्मल डिस्ट्रिब्युशन); त्यात दोनसमोर ९७.७ टक्के दिसतात. गणित बरोबरच होतं. पण त्यांनी ते एकाच वाटेचं केलं होतं. विजेची वाट सरासरीने एक दिवस आखूड म्हणून हिशेबातच घेतली नव्हती. तिचा डळमळीतपणा काढला तर तो १३ दिवसांहून थोडा जास्त. सवड ११ दिवसांची. तक्त्यात शक्यता निघते ८० टक्के. आणि चाचणी व्हायला शेड आणि वीज दोन्ही लागतात. बैलजोडी हळू चालणाऱ्या बैलाच्या चालीनेच पुढे जाते. दोन्ही वाटा एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या तर दोन शक्यतांचा गुणाकार करायचा, तो येतो ७८.

९८ आणि ७८ यात मोठा फरक आहे. ९८ टक्क्यांवर कोणी पर्यायी सोय करत नाही. ७८ म्हणजे अशा पाच-साडेचार कामांत एक काम तारीख चुकवणार, आणि आमच्याकडे चुकवायला एकच हंगाम होता. मी फोन केला तेव्हा इंजिनियरनी शांतपणे ऐकून घेतलं, हिशेब पुन्हा केला आणि दोन दिवसांत दुसरा कागद पाठवला, जास्तीचे पैसे न घेता. त्यात ९७ दिवसांची, म्हणजे १५ जानेवारीची शक्यता ९० टक्के होती आणि २० जानेवारीची ९५. बँकेला आम्ही २० तारीख कळवली. सभासदांना सांगितलं, संक्रांत झाली की तूर आणायच्या तयारीत राहा. एकाच कामाच्या दोन वेगळ्या तारखा दोघांना सांगताना मला काही चुकीचं वाटलं नाही. बँकेला उशीर चालत नव्हता आणि सभासदांना आठवडाभर थांबणं जमत होतं.

दुसरा निर्णय जनरेटरचा. चाचणीसाठी विजेवर अवलंबून राहायचंच नाही असं ठरवून भाड्याचा जनरेटर आधीच बोलून ठेवला. डिझेलवर मिल हंगामभर चालवणं परवडत नाही, पण चाचणी आणि सुरुवातीची तूर काढायला चालतं. जनरेटर धरला की विजेची वाट चाचणीच्या आड येत नाही आणि ९८चा आकडा थोडाफार खरा ठरतो.

शेड डिसेंबर संपायच्या आत मशीन बसवण्याच्या टप्प्यावर पोहोचली. वीज संक्रांतीनंतर आली. मधल्या काळात जनरेटरवर चाचणी झाली आणि सुरुवातीची तूर भरडली गेली. यावरून ७८ चा आकडा बरोबर होता असं मी म्हणणार नाही. एका कामावरून शक्यतेचा आकडा खरा की खोटा हे कळत नाही. इंजिनियरनी आपल्या सगळ्या कामांची वही ठेवली आणि ८० टक्के सांगितलेली कामं खरोखर शंभरात ऐंशीच्या आसपास वेळेत झाली का हे तपासलं, तरच त्यांच्या आकड्याला वजन येईल. मी त्यांना हे सांगितलं आहे आणि त्यांनी वही सुरू केली आहे.

आणखी एक उणीव दुसऱ्या कागदातही राहिली. वर्गांची बेरीज करताना गृहीत असं असतं की एका कामाच्या उशिराचा दुसऱ्या कामाशी संबंध नाही. आमच्या भागात हे धरणं धोक्याचं आहे. सोंगणी लांबली की मजूर पायालाही मिळत नाहीत आणि पुढे ढाचा उभा करायलाही. दिवाळीला छिंदवाड्याकडचे मजूर गावाला गेले आणि कापूस वेचणीच्या वेळी परत आले नाहीत, तर भिंती आणि फरशी दोन्ही अडतात. एकाच कारणाने दोन-तीन कामं मिळून लांबतात तेव्हा शेडचा डळमळीतपणा पाच दिवसांचा न राहता त्याहून बराच वाढतो. यावर सोपा उपाय आहे: मजुरांचा तुटवडा हे कारण ज्या ज्या कामांच्या रकान्यात आलं असेल ती कामं एकत्र वाईट धरून एक वेगळा हिशेब करायचा. हा हिशेब मी त्यांच्याकडून मागून घेतला, त्यांनी आपणहून दिला नव्हता. पुढच्या गिऱ्हाइकाला तो मागावा लागू नये.

पैसे घालून दिवस कमी करायचा सल्ला मात्र त्यांनी चांगला दिला. ठेकेदार म्हणत होते, फरशीवर माणसं वाढवू. इंजिनियरनी सरळ सांगितलं की फरशीच्या १८ दिवसांत पाणी मारण्याचे दिवस आहेत आणि ते माणसं वाढवून कमी होत नाहीत. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला किमान १० दिवस काँक्रीट ओलं ठेवावं लागतं. आमच्याकडे राखमिश्रित सिमेंट होतं. त्यांनी मिस्त्रीची एक जोडी वाढवून भिंतींचे तीन दिवस कमी केले. भिंती निर्णायक वाटेवरच होत्या, म्हणून ते तीन दिवस खरोखर शेवटच्या तारखेतून वजा झाले. तेवढेच पैसे ट्रसवर घातले असते तर तारीख एक दिवसही अलीकडे आली नसती.

कागदाच्या रूपाबद्दल थोडं. भिंतीवर लावायचा तक्ता मोठा होता, मराठीत होता, निर्णायक वाट लाल रंगात होती. मिस्त्रीपासून चौकीदारापर्यंत सगळ्यांना तो वाचता आला. मोबाइलवरची फाइल मात्र फार बारीक होती आणि आमच्या निम्म्या संचालकांनी ती उघडलीच नाही. दर पंधरा दिवसांनी आखणी ताजी करून द्यायचं ठरलं होतं. पहिल्या दोन वेळा ती वेळेत आली, दिवाळीनंतर उशिरा यायला लागली. आखणीचं खरं काम सुरुवातीला थोडं आणि मध्येच जास्त असतं, कारण पाया झाल्यावर त्याचे तीन आकडे संपून एकच खरा आकडा उरतो आणि पुढचा सगळा अंदाज बदलतो. म्हणून ही सेवा घेताना ताज्या आखणीच्या तारखा करारात लिहून घ्या आणि फीचा शेवटचा हप्ता त्यावर ठेवा.

ज्यांचं काम दोन-तीन टप्प्यांचंच आहे, म्हणजे एखादी विहीर बांधून काढणं किंवा नुसता गोठा, त्यांनी यासाठी पैसे घालवू नयेत. मिस्त्रीला तीन आकडे आणि वाईटातल्या वाईटाचं कारण विचारलं तरी पुरे. पण जिथे बांधकाम, मशीन, वीज आणि बँक अशा वेगवेगळ्या हातांतली कामं एका तारखेवर येऊन मिळतात, तिथे सहा हजार जास्त नाहीत. इंजिनियर येतील तेव्हा सातबारा, विजेच्या अर्जाची कागदं आणि मशीनवाल्याचं कोटेशन तयार ठेवा, आणि ज्यांना काम करायचं आहे ती माणसं त्या दिवशी गावात असतील असं पाहा. कागद हातात आला की पहिल्या ठळक आकड्यावर थांबू नका. किती वाटांचा हिशेब केला हे विचारा.

आमच्या मंडळाने पुढच्या वर्षीच्या सोयाबीन गोदामाचं काम त्यांनाच द्यायचं ठरवलं आहे. या वेळी वाटा चार आहेत आणि चारही वाटांच्या शक्यता एकत्र काढून द्यायच्या, अशी अट पत्रात घातली आहे.